हाताशी आलेलं पुस्तक

फळ्यावर मी ‘रॅन्डम म्हणजे’ एवढंच लिहिलं होतं, पुढचा शब्द खडूच्या टोकाशी येऊन थांबला होता, तेवढ्यात दाराजवळच्या बाकावरची ब्रिआना म्हणाली, “प्रोफेसर, बाहेर कधीचा एक रॅन्डम माणूस उभा आहे.” वर्गात खसखस पिकली. मी वळून पाहिलं. दाराच्या उभ्या काचेत काळी हॅट, तिच्याखाली गुळगुळीत दाढी केलेला रुंद चेहरा आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली एक कागदी पिशवी. “तो रॅन्डम नाही. माझा धाकटा भाऊ आहे,” मी म्हणून गेले आणि मुलं आणखीच हसली. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखं उदाहरणच देते आहे. इतक्या वर्षांत एलम कधी कॉलेजात आला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला होता. मी फळ्याकडे वळले, वाक्य पुरं करायला गेले, आणि दर सत्रात न अडखळता सांगत आलेली ती व्याख्या मला काही केल्या आठवेना. शब्द होते, पण ते एकमेकांना धरत नव्हते. शेवटी उरलेलं घरी वाचून या म्हटलं आणि वर्ग सोडून दिला. मुलं त्याच्या अंगावरून सांभाळून गेली. एकदोघांनी मागं वळून पाहिलं.

माझ्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर बसला, हॅट गुडघ्यावर ठेवून. खोलीत गोठ्याचा वास पसरला, ओल्या पेंढ्याचा आणि दुधाचा, आणि मला एकाच वेळी लाजही वाटली आणि रडूही आलं. त्यानं पिशवीतून अ‍ॅपल बटरची, म्हणजे आटवलेल्या सफरचंदाच्या गराची, बरणी काढून टेबलावर ठेवली. “अल्टानं दिलंय.” अल्टा म्हणजे त्याची बायको. मी विचारलं, कसा आलास? “बसनं.” गाई? “बऱ्या आहेत.” मुलं? “बरी आहेत.” आमच्या घरात बोलणं असंच चालतं, आणि एलमचं तर इतरांहूनही कमी. लहानपणी शाळेत बायबलमधलं वचन म्हणायला उभा केला की तो उभाच राहायचा. शिक्षिका दमायची, वर्ग दमायचा, हा उभा. टायटस त्याच्या शेजारी बसायचा. तो त्याचा जुळा, आणि तोंडाचा नुसता पट्टा. मग टायटसच एलमचंही वचन म्हणून टाकायचा आणि शिक्षिका ते चालवून घ्यायची. जेवणाआधीची प्रार्थना आमच्यात मनातच म्हणतात, त्यामुळं मोठेपणी एलमचं निभावून गेलं. गाईंना आवाज लागत नाही. आयुष्यभर निभावलं असतं. पण गेल्या महिन्यात त्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली.

आमची मंडळी जुन्या वळणाची ख्रिस्ती, मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन मग सोडून जाणाऱ्याला वाळीत टाकते. मी बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच शहरात निघून आले, त्यामुळं मला कुणी वाळीत टाकलेलं नाही. त्यांच्या टेबलावर जेवते, लग्नाकार्याला मागच्या बाकावर बसते, ‘शहरातली वर्ना’ म्हणून सगळे मला सांभाळून घेतात. चिठ्ठीच्या दिवशीही मी गेले होते. आमच्यात उपदेशक शिकून होत नाही आणि मागून तर नाहीच नाही. मंडळी एकेक करून बिशपच्या कानात नाव सांगतात, ज्यांची नावं येतील ते पुरुष चिठ्ठीत बसतात. या वेळी सात जण होते. सात भजनांची पुस्तकं, सगळी सारखी, प्रत्येकाला दोरी गुंडाळलेली, एकात चिठ्ठी. बिशप आतल्या खोलीत ती ठेवतात, दुसरा कुणी पुस्तकं पिसतो, तिसरा टेबलावर ओळीनं मांडतो. मग वयानं मोठा आधी, असं एकेकानं उठून एक उचलायचं. आणि इथं आमच्या लोकांचा एक अलिखित दंडक आहे: निवडायचं नाही. हाताशी पहिलं येईल तेच उचलायचं. मधलं उचललं, पलीकडचं ओढलं, तर तो माणसाचा अहंकार. कुणी तसं करत नाही. एलम आणि टायटस सगळ्यांत धाकटे होते, त्यांच्या वाट्याला शेवटची दोन पुस्तकं उरली. एलम पाव तासानं मोठा म्हणून तो आधी उठला. त्यानं जवळचं उचललं. टायटसनं उरलेलं. बिशप एकेकाची दोरी सोडत आले, पानं उलटत आले, आणि एलमच्या पुस्तकापाशी त्यांचा हात थांबला. बायकांच्या बाजूला अल्टानं तोंडात रुमाल कोंबला. मी पुरुषांकडे पाहिलं नाही. मी माझ्या हातांकडे बघत होते आणि डोक्यात आपोआप आकडे चालू होते, सातात एक, सातात एक, एखाद्या मूर्ख पोपटासारखे.

चिठ्ठी आयुष्यभराची असते. पगार नाही, शिक्षण नाही, कागदावर काही लिहून न्यायचं नाही. दर रविवारी उभं राहून बोलायचं, मरेपर्यंत. म्हणून त्या दुपारी सगळी मंडळी त्याच्या घरी जमली, कुणी गेल्यावर जमतात तशी, झाकलेली भांडी घेऊन, हलक्या आवाजात. स्वयंपाकघरात मी आणि एटा मावशी भांडी पुसत होतो. मावशी आता थकली आहे, तिच्या जिभेला लगाम नाही. ती बशीवर फडकं फिरवत सहज बोलल्यासारखी म्हणाली, “पोरगा बिचारा. आणि खरं सांगू का वर्ना, थोरला कोण ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.” मी म्हटलं, काय? तर म्हणे, “अगं, पहिलं पोर तुझ्या मांडीवर दिलं होतं चुलीपाशी. दुसरं माझ्या हातात. मग सुईण तुझ्या आईपाशी अडकली, रक्त थांबेना. मी दोन्ही पोरं धुण्याच्या टोपलीत टाकली आणि धावले. तुझा बाप दूध काढून आला नि म्हणाला, पहिला कोणता? आजोबांचं नाव ठेवायचंय. त्याला घाई, गाई खोळंबलेल्या. मी आपलं एकाकडे बोट केलं, तो एलम झाला. काय फरक पडतो म्हटलं!” आणि ती हसली. तिच्यामागं दारात एलम उभा होता, रिकामा कप हातात धरून.

“वर्ना,” आता तो माझ्या खोलीत म्हणाला, “पहिला कोण?”

मला पहिल्या शब्दाला कळलं होतं, तरी मी विचारलं, “कशातला पहिला?”

“उगाच विचारू नकोस. तुझ्या मांडीवर कोण होता? मी की टायटस?”

“मी आठ वर्षांची होते रे.”

“आठ वर्षांच्या पोरीला कळतं. माझी सूझन आठ वर्षांची आहे, तिला कुठली कालवड कुणाची ते सांगता येतं.”

मी कागद ओढला. माझा आधार तोच आहे, दुसरा नाही. सात चौकोन काढले. त्याला सांगितलं, हे बघ, कुणीही आधी उचललं तरी प्रत्येकाला सातात एकच. पहिल्याला जास्त नाही, शेवटच्याला कमी नाही. तू आधी उठलास की टायटस, दोघांचा हिस्सा तेवढाच. पुस्तकं पिसलेली होती, कुणाला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे चूक झालीच नाही. गुरांचा डॉक्टर बोलत असताना ऐकावं तसं त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग चौकोनांवर बोट ठेवलं. त्याच्या नखात काळी रेघ होती. “हे दोऱ्या सोडायच्या आधीचं झालं,” तो म्हणाला. “तू आधीचं शिकवतेस. माझी दोरी सुटलीय. जवळचं पुस्तक आधी उठणाऱ्याचं होतं. आधी टायटस उठायला हवा होता, तर ते त्याचं होतं. यात सातात एक कुठं आलं?”

उत्तरं होती, ढीगभर, आणि प्रत्येक बरोबर होतं, आणि एकही त्याच्या बोटाखालच्या चौकोनाला लागू पडत नव्हतं. वर्गातली मुलं दिवसभर ‘रॅन्डम’ हा शब्द तोंडात घोळवतात, रॅन्डम फोन आला, रॅन्डम भूक लागली, आणि मी त्यांना दरडावते की रॅन्डम म्हणजे विचित्र नव्हे, गोंधळ नव्हे, उगाच नव्हे, निष्कारण तर नव्हेच. नाण्यालाही कारण असतं, अंगठ्याचा धक्का असतो, हवा असते. आपल्याला ते कारण ठाऊक नाही एवढंच. मग मी योगायोगावर बोलते, शक्यतेवर बोलते, नशीब हा शब्द कुणी काढला की हात वर करून थांबवते. आमच्या घरच्या बोलीत यातलं काहीच नाही. फक्त ‘लोस’ आहे, म्हणजे चिठ्ठी, आणि तिचा अर्थ माझ्या शब्दाच्या बरोबर उलटा. जिथं माझे लोक म्हणतात की इथं देवाखेरीज कुणाचा हात नाही, तिथं मी म्हणते की इथं कुणाचाच हात नाही. आणि तरी दोन्हीकडची अट एकच. माणसाची इच्छा मध्ये येता कामा नये. म्हणून ते दोरी बांधतात, पिसतात, जवळचंच उचलतात, आणि आम्ही यंत्राकडून आकडे घेतो. हे मी इतक्या वर्षांत कधी वर्गात बोलले नाही. मला वाटायचं मी घर सोडून फार लांब आले आहे. आणि इथं, या चौकोनांसमोर, मला कळेना की एटा मावशीचं ते बोट कुठं बसवायचं. ते देवाचं? ते उगाच? एका बाईनं घाईत टोपलीकडे बोट केलं, त्या बोटाच्या टोकाला चाळीस वर्षांनी एक चिठ्ठी आली. पिसणाऱ्याचा हात चालतो, मग तिचा का नाही? आणि तिचा चालत असेल, तर चूक हा शब्द कुठं उरला? पण मग एलमला काय सांगायचं? की सगळ्या चुका धरूनच ते बरोबर आहे? हे मी कुणाला सांगू शकते, सांगताना माझा चेहरा कसा दिसेल?

“आणि टायटस?” मी विचारलं. “तो काय म्हणतो?”

“काही म्हणत नाही.” एलमनं हॅट दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. “रोज येतो. गोठ्यात माझ्याजवळ उभा राहतो. मी दूध काढतो, तो बघतो. टायटस, वर्ना! एक शब्द नाही. काल मी विचारलं, घोडीचं काय झालं? तर म्हणाला, विकली.”

“त्याला हवं होतं का ते?”

“असं विचारायचं नसतं,” तो पटकन म्हणाला, कुणी ऐकत असल्यासारखा. मग म्हणाला, “मला ठाऊक नाही. त्याचं होतं आणि माझ्याकडे आलं म्हणून त्याला वाईट वाटतंय, की त्याचं होतं आणि तो सुटला म्हणून, ते मला कळत नाही. त्यालाही कळत नसावं. रात्र रात्र जागतो म्हणे. म्हणून मी आलो.”

“आणि मी टायटस म्हटलं तर?”

“तर मी बिशपकडे जाईन. मावशीचं सांगेन, तुझं सांगेन. तुझ्या शब्दावर ते विश्वास ठेवतील. पुढं ते बघतील.”

“मग तो उभा राहील तुझ्या जागी.”

“त्याच्या जागी,” एलम म्हणाला.

“आणि ‘तू’ असं म्हटलं तर?”

“तर येत्या रविवारी मी.” “अल्टा म्हणते, गाईंसमोर बोलून बघ. बघितलं. त्या कान हलवतात.” हे तो विनोदानं म्हणाला होता. मी हसले. तो हसला नाही.

“बिशपांनी तुलाच का नाही विचारलं, पेलेल का म्हणून?”

“पेलेल का असं कुणी विचारत नाही. ज्याचं असतं त्याला पेलतं. म्हणून तर विचारतोय, माझं आहे का?”

मी म्हटलं, “एलम, मला आठवत नाही.” हे खरं होतं. त्यानं मान हलवली. “आठव. मी थांबतो,” तो म्हणाला, आणि खरंच थांबला. गाय विण्याची वाट बघत बसतात तसं त्याला बसता येतं. मी खिडकीकडे तोंड केलं. खाली चौकात सिग्नल बदलत होता, लोक थांबत होते, निघत होते. मी त्या चुलीपाशी गेले. डोलखुर्ची, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. आतून आईचा आवाज, आवाज नव्हे, दात आवळून धरलेलं काहीतरी. मावशी आली आणि फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं ते माझ्या मांडीवर ठेवून गेली. वजन आठवतं. ते मांडीवर होतं तसं अजून आहे. माझा एप्रन भिजला, ती ऊब आठवते. त्याचे डोळे उघडे होते, राखाडी, चुलीच्या दारातल्या फटीकडे लागलेले. ते रडत नव्हतं. रडत नव्हतं म्हणून मी घाबरले होते. न रडणारं म्हणजे एलम, असं मन लगेच म्हणालं. पण एलम गप्प आहे हे मला नंतर कळलं, शाळेत कळलं, मग मी ते मागं नेऊन चुलीपाशी ठेवलं नसेल कशावरून? टायटसचा डावा कान वरून जरासा दुमडलेला आहे, जन्मापासून. म्हणजे तो कान पाहिला की झालं. मी फ्लॅनेल बाजूला केलं. कान दुमडलेला दिसला. पुन्हा झाकलं, पुन्हा बाजूला केलं, तर सरळ दिसला. मला जो हवा तो दिसत होता, आणि मला कुठला हवा होता हेच क्षणाक्षणाला बदलत होतं. एलम सुटावा म्हटलं की दुमडलेला. मग वाटायचं, टायटस तिथं उभा आहे, सगळ्यांसमोर, आणि बोलतोय, छान बोलतोय, आणि बाकावर एलम बसलाय, ज्याच्या हातून देवानं दिलेलं काढून घेतलं गेलं, आणि त्याला उरलेल्या जन्मात गाईंखेरीज कुणाला तोंड दाखवता येत नाहीये. की कान सरळ. वर्गात मी मुलांना सांगते की मनातून एक आकडा रॅन्डम काढा, आणि दाखवून देते की माणसाला ते जमतच नाही, प्रत्येकाच्या आकड्याच्या मागं त्याचं काहीतरी लपलेलं असतं. मुलांना याची गंमत वाटते. मला त्या खिडकीपाशी भीती वाटली, साधी, लहानपणची, मांडीवरचं खाली पडेल अशी.

“तुलाच विचारता येतं,” मागून एलम म्हणाला. “तू आमच्यात नाहीस. तुला त्यात काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही. तू कुणाची बाजू घेणार नाहीस.”

हे त्यानं कौतुकानं म्हटलं. मला ते जिव्हारी लागलं. यंत्राबद्दल मी हेच म्हणते, याच शब्दांत. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, तूच माझी बाजू आहेस, तुला शाळेत उभं केलेलं मला बघवायचं नाही म्हणून मी पलीकडच्या वर्गात दार लावून घ्यायची. पण आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही आणि मला अजूनही ते येत नाही. मी वळले. तो खुर्चीच्या कडेवरच होता. त्यानं हॅट हातात घेतली होती. दोन्ही हातांनी तिचा काठ धरला होता. आत्ताच्या आत्ता मला ठाऊक नाही असं ठामपणे म्हणावं, तर तो परत जाईल, रविवारी उभा राहील, आणि प्रत्येक रविवारी त्याच्या मनात टायटसचं पुस्तक उघडत राहील. टायटस गोठ्यात उभा राहील. म्हणजे ठाऊक नाही हेही एक उत्तर होतं आणि तिन्हींत तेच सगळ्यांत क्रूर होतं. खरं बोलायचं तर खरं माझ्याजवळ नव्हतं. खोटं बोलायचं तर खोटं कुठलं तेही ठाऊक नव्हतं, कारण दोन्हींतलं एक खरं होतं. एक नाव मी ठरवलं. नीट ठरवलं, ओठांपर्यंत आणलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तोंड उघडलं.

“तू,” मी म्हणाले. “तू होतास.”

आवाज माझाच होता, वर्गातला, न अडखळणारा. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी इतका वेळ उभं होतं, ते बसलं. किती आशा घेऊन हा माणूस बसमध्ये चढला असेल, हे मला ते विझल्यावर कळलं. मग त्यानं हात वर केला आणि पालथ्या मुठीनं डोळे पुसले, घाईनं, कामात पुसतात तसे.

“कान वगैरे बघितला होतास?” त्यानं विचारलं.

“सरळ होता.”

“बरं झालं.” तो उठला. “टायटसला सांगतो आज. आता झोप लागेल त्याला.” त्यानं हॅट घातली, दोनदा सारखी केली. मी म्हटलं, थांब, बसपर्यंत येते. तो नको म्हणाला, तुझी वर्गातली मुलं थांबली असतील. मग दारात थांबला, दाराच्या मुठीवर हात ठेवून, पाठ माझ्याकडे.

“वर्ना, मला वाटलं होतं तू त्याचं नाव घेशील.”

तो गेला. जिन्यावरून त्याचे जड बूट खाली जात होते, एकेक पायरी, सावकाश, आणि मी टेबलाला धरून उभी होते.

मलाही तसंच वाटलं होतं.